नव्या मॅनिफोल्डचा पहिला ताव

नरेश मेश्रामच्या भिलाईतल्या, सुपेल्यातल्या गॅरेजात नवी गाडी क्वचितच यायची. नव्या गाड्यांचे मालक सर्व्हिस सेंटरला जात. नरेशकडे येत त्या अँबेसेडर, जुन्या फियाट, फौजेच्या लिलावातून सुटलेल्या जीपा. इंजिन उतरवायचं, सगळं उघडून धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा बांधायचं, हे त्याचं काम. दुर्गपासून रायपूरपर्यंत कुणाकडे जुनं इंजिन अडलं की त्याचं नाव निघे. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटक, बोलायला कमी असा माणूस.

एका माणसाला मात्र त्याच्या कामाचं कधी काही वाटलं नव्हतं, आणि तो माणूस त्याच्याच घरात राहत होता. त्याचे वडील, भय्याजी.

भय्याजी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून विशीत भिलाईला आले आणि स्टील प्लांटात रिफ्रॅक्टरी मिस्त्री झाले. भट्टी थंड करून तिच्या पोटात उतरायचं, जळलेल्या अग्निविटा काढायच्या आणि नव्या विटांचं अस्तर लावायचं. वितळलेलं लोखंड आत राहावं आणि त्याची आच बाहेरच्या पत्र्याला लागू नये, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. नरेशनेही प्लांटात यावं असं त्यांना वाटे. नरेशने अप्रेंटिसशिप अर्ध्यात सोडली आणि गॅरेज धरलं. भांडण झालं नाही. भय्याजींनी फक्त विचारणं सोडलं. सेक्टर सहामधलं क्वार्टर त्यांनी निवृत्तीनंतर लीजवर घेतलं होतं; तिथे नरेश, त्याची बायको शेवंता आणि मुलगी मोनाली त्यांच्यासोबत राहत. औषधं नरेश आणायचा, दवाखान्यात नरेश न्यायचा. पण बापलेकांचं बोलणं औषधापुरतंच.

धाकटा सुगत पुण्याला होता. इंजिनाच्या भागांवर उष्णता रोखणारं सिरॅमिक कोटिंग लावणाऱ्या एका वर्कशॉपात त्याने बरीच वर्षं काढली. ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हा तो बायको आम्रपालीला घेऊन भिलाईला परत आला आणि जवळच भाड्याने राहू लागला. नरेश स्वतःच त्याला म्हणाला, "मागचं टिनाचं शेड रिकामं हाय. लाव तुयं मशीन तिथं."

सुगतने तिथे वाळूचा मारा करून लोखंड घासायची पेटी आणि कोटिंग भाजायची विजेची भट्टी बसवली. पहिले काही महिने शेडकडे कुणी फिरकलं नाही. मग ती लाल गाडी आली.

गाडी होती दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या वसुंधराबाई पाटणकरांची. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. गाडी त्यांच्या यजमानांनी फार पूर्वी कलकत्त्याहून आणलेली, विलायती, दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. पुढचं अख्खं नाक वर उचललं की इंजिन उघडं पडायचं. यजमान गेल्यावर बाई ती स्वतः चालवू लागल्या. दर रविवारी राजनांदगावला धाकट्या बहिणीकडे जायचं हा त्यांचा नेम होता.

"चढावर दम लागतो तिला," बाई नरेशला म्हणाल्या. "आणि उन्हाळ्यात पायाशी इतकं तापतं की चपलेचा तळ मऊ होतो. लोक सांगतात, झाकून ठेवा, शोभेची आहे. मला शोभेला नकोय ती. बारा महिने चालवायची आहे."

नरेशने नाक उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिला. असं इंजिन त्याने आजवर फक्त चित्रात पाहिलं होतं. त्या दिवशी घरी जेवताना तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. इंजिनाचं वरचं हेड घासून दाब वाढवायचा, बिनशिशाच्या पेट्रोलला टिकतील अशा कडक व्हॉल्व्ह सीट बसवायच्या, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा जास्त उचल देणारा टाकायचा, मोठा रेडिएटर, विजेचा पंखा. शेवंता ऐकत होती. भय्याजी भाकरीचा तुकडा मोडत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "थोडं लोनचं हाय का?"

इंजिन बांधायला घेतलं तेव्हा सुगत मागून आला.

"दादा, इंजिनाची ताकद वाढवशील त आचही वाढन. बाईचे पाय आतापेक्षा जास्त भाजतीन. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, जळका गॅस बाहेर नेते तो, नवा पाइपाचा करू अन् त्याले कोटिंग मारू. आच पाइपाच्या आतच राहीन."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. बाईंनाही ते पटलं. त्यांनी सुगतला पुष्कळ प्रश्न विचारले, कोटिंग किती तापेल, किती दिवस टिकेल, पावसात काय होईल. सुगतने एका नमुन्याच्या नळीत गॅसची ज्योत सोडली आणि बाहेरून बोट जवळ धरायला सांगितलं. बाई खूश झाल्या. नरेश हातात स्पॅनर घेऊन बाजूला उभा होता. हेडबद्दल बाईंनी काहीच विचारलं नव्हतं.

एवढं त्याने सोसलं असतं. पण ती नळी सुगतने घरी नेली आणि भय्याजींच्या हातात दिली.

म्हाताऱ्याने नळी उलटसुलट केली. कोटिंगवर अंगठा फिरवला. "अस्तर बाहेरून लावते?"

"बाहेरून बी, आतून बी."

"भाजते कशात? किती वेळात चढवते ताव?"

"या ना पाहाले, बाबा."

दुसऱ्या दिवशी भय्याजी ऑटोने गॅरेजात आले. नरेशच्या गॅरेजातून, नरेशच्या इंजिनाशेजारून चालत ते थेट मागच्या शेडमध्ये गेले. मग रोजच येऊ लागले. ऐंशीच्या घरातला माणूस, जो घरी दिवसभर व्हरांड्यात गप्प बसे, तो शेडमध्ये स्टुलावर बसून बोलत राही. भट्टीच्या कोपऱ्यातल्या विटा आधी का जातात, सांध्यात मसाला किती पातळ ठेवायचा, एकदा अस्तर घाईने तापवलं तेव्हा ते कसं तडकलं आणि सगळी पाळी कशी बसून राहिली. नरेशने यातलं काही कधी ऐकलेलं नव्हतं. टिनाच्या भिंतीपलीकडून त्याला सगळं ऐकू यायचं. मधूनच सुगतचं हसणं. चहाचे दोन ग्लास पाठीमागे जायचे, एक त्याच्याकडे. एकदा काम नसताना त्याने कंप्रेसर सुरू केला, फक्त ते आवाज बुडावेत म्हणून.

मोनालीने शेडमध्ये जाऊन मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. जेवताना तो सगळ्यांना दाखवला.

"देखो ना पप्पा, आजोबा अन् काका. कितने लोगों ने देखा है, पता है?"

"मायं इंजिन बी तिथंच होतं," नरेश म्हणाला.

"हां, तो उसका भी बनाऊंगी ना."

तो व्हिडिओ तिने काढला नाही. नरेशने आठवणही करून दिली नाही.

व्हॉल्व्हच्या सीट बसल्या त्या दिवशी नरेशने भय्याजींना जाता जाता थांबवलं. त्याच्या हातून इतकं नेटकं काम पूर्वी झालं नव्हतं. हेड टेबलावर उलटं ठेवलेलं, आठही सीट चकचकीत, केसभराचाही फरक नाही.

"बाबा, पाहा ना. कशा बसल्या."

भय्याजींनी वाकून एका सीटवरून बोट फिरवलं. "चांगलं हाय," ते म्हणाले. मग पाठीमागे बघितलं. "सुगतची भट्टी थंडी झाली असन. आता उघडतो म्हनला होता." आणि ते गेले.

नरेशने हेडवर फडकं टाकलं. त्या क्षणी त्याला भावाचा इतका राग आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सुगतने बापाला कधी दवाखान्यात नेलं नव्हतं. आईच्या आजारपणात तो दोनदा येऊन गेला होता. आणि आता पुण्याहून एक विजेची पेटी घेऊन आला आणि बाप त्याचा झाला.

मॅनिफोल्ड तयार झाला. चार नळ्या वळून एकात मिळणाऱ्या, राखाडी-पांढऱ्या, हात लावला तर कवडीसारख्या गुळगुळीत. सुगतने तो कापडात गुंडाळून नरेशच्या टेबलावर ठेवला.

"दादा, पयल्या खेपेले याले हळू तापू दे. रेस न देता थोडं आयडलवर, मंग थंडं. परत थोडं. एकदम ताव देला त कोटिंग सुटन."

"नव्या कॅमले सुरुवातीलेच रेस द्या लागते. आयडलवर ठेवला त कॅम खाऊन जाईन."

"म्हनूनच म्हनतो, पयल्या स्टार्टले जुना मॅनिफोल्ड लाव. कॅम बसू दे. मंग हा लावू."

"हाव," नरेश म्हणाला. हे त्यालाही ठाऊक होतं. जुना बिडाचा मॅनिफोल्ड फळीवर ठेवलेला होता.

रविवारी सुगत आणि आम्रपाली लग्नाला नागपूरला गेले. गॅरेज बंद असायचा दिवस, पण नरेश सकाळी गेला. इंजिन गाडीत चढलेलं होतं, मॅनिफोल्ड तेवढा बाकी होता. त्याने जुना मॅनिफोल्ड फळीवरून उतरवला, त्यावरची धूळ पुसली. मग तो खाली ठेवला आणि कापडातला नवा उचलला.

बोल्ट कसताना तो स्वतःशी म्हणत होता की एकच काम दोनदा कशाला करायचं. ठिणगी पडायचं टायमिंग किंचित मागे राहिलंय हे त्याला कळत होतं. कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी जातंय, त्यामुळे एक्झॉस्ट जास्तच तापणार, हेही कळत होतं. एक स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा होता. त्याने तो फिरवला नाही.

इंजिन पहिल्याच खेपेला सुरू झालं. त्याने रेस धरून ठेवली. आवाज सुरेख होता, गोल, कुठे खरखर नाही. थोड्या वेळाने चारही नळ्या मुळाशी काळपट लाल झाल्या. मग लाल. मग नारिंगी. राखाडी रंगावर आधी ठिपके उठले, मग एक पापुद्रा सुटून पंख्याच्या वाऱ्याने उडाला. जळका वास आला. नरेशने रेस सोडली नाही. त्याला बरं वाटत होतं, खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

"बंद कर."

भय्याजी दारात उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

नरेशने चावी फिरवली. भय्याजी जवळ आले, वाकून नळ्यांकडे बघत राहिले. तापलेलं लोखंड आखडताना टिकटिक वाजत होतं.

"पयल्या तावाले एवढं कावून तापवलं?"

"नव्या कॅमले लागते, बाबा."

भय्याजींनी जमिनीवरच्या जुन्या मॅनिफोल्डकडे पाहिलं. ताजा पुसलेला होता. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. बाहेर जाऊन ऑटोला हात केला.

सोमवारी सुगत आला. पाइप पाहून तो खाली बसला. नरेशने त्याला सांगितलं की जुना मॅनिफोल्ड तडकलेला निघाला, म्हणून नवा लावावा लागला, आणि रेस फारशी दिली नाही. सुगतने नखाने एक पापुद्रा काढला, उन्हात धरून पाहिला.

"वाळूचं ब्लास्टिंग कमी पडलं असन. नाई त तेलाचा अंश राह्यला असन."

"असन," नरेश म्हणाला.

वसुंधराबाई आल्या तेव्हा सुगतने त्यांच्यापुढे हात जोडले. चूक माझी आहे म्हणाला. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा उत्साह गेला. "मग ते कोटिंग राहू द्या. पायाखाली जाड काहीतरी घालू." इंजिन ऐकून त्या नरेशला म्हणाल्या, "तुमचं काम मात्र छान झालंय हं."

हेच वाक्य त्याला हवं होतं. ते तो दिवसभर मनात घोळवत राहिला. संध्याकाळी घरी गेला तेव्हा भय्याजी व्हरांड्यात बसले होते. ते त्या दिवशी शेडमध्ये गेले नव्हते. त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशीही ते गेले नाहीत. त्यानंतरही नाही. जेवायला बोलावलं की येत, जेवून पुन्हा खुर्चीवर. औषधाची गोळी नरेशच्या हातून न घेता शेवंताकडून मागून घेऊ लागले.

"काय झालं बाबाले?" शेवंताने विचारलं. "रविवारी त मोठ्या खुशीत निघाले होते. सुगत त्याईले सांगून गेला होता, दादा आज गाडी चालू करते, जाजा पाहाले. मी म्हनलं ऊन हाय. म्हने, नरेशनं एवढ्या मेहनतीनं बांधली, पाह्यली पायजे. माह्याकडून शर्ट इस्त्री करून घेतला."

नरेश पाणी पीत होता. त्याने ग्लास अर्धाच खाली ठेवला.

पाठीमागच्या शेडमध्ये सुगत लोखंडाचे तुकडे घासायचा, कोटिंग लावायचा, भाजायचा, ज्योतीवर धरायचा. तुकडे टिकत होते. मग पाइपावरचंच का सुटलं, हे त्याला कळेना. त्याने वाळू बदलली, भट्टीचं मीटर तपासलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. एका दुपारी तो नरेशला म्हणाला, "दादा, पेटी अन् भट्टी इकून टाकतो. पुण्यातले एक जन घ्याले तयार हायेत. मले हे काम येत नाई असंच दिसते. तिकडं कोनाच्या हाताखाली राहीन."

म्हणजे सुगत जाणार होता. काही दिवसांपूर्वी नरेशला याहून जास्त काही नको होतं. तो खाली, सुगतच्या समोर बसला.

"तुयं कोटिंग बरोबर होतं," तो म्हणाला. "मी जाळलं."

सुगतला आधी कळलंच नाही. नरेशने सगळं सांगितलं. जुना मॅनिफोल्ड धड होता. टायमिंग, पेट्रोल, रेस. काही लपवलं नाही.

"कावून?" सुगतने विचारलं.

"बाबा तुयाकडं बसत होते."

सुगतने हातातला तुकडा खाली ठेवला. "मी बाईसमोर हात जोडले, दादा. तू बाजूले उभा होता."

"हाव."

"मी रोज हे तुकडे भाजून राह्यलो. तू रोज पाहून राह्यला."

सुगत उठला. "बाईले तू सांगशील. मी नाई सांगनार." आणि शेडचं दार ओढून घेतलं.

नरेश पद्मनाभपुरात गेला. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या दोघांमधलं मला नका सांगू. माझी गाडी तुमच्यावर विश्वासाने सोडली होती मी. आता कोटिंग पुन्हा होऊ दे, आणि गाडी तयार झाली की चावी मी सुगतच्या हातून घेईन. तुमच्या नाही."

"बरं," नरेश म्हणाला.

मॅनिफोल्ड पुन्हा घासला गेला, पुन्हा भाजला गेला. तोवर नरेशने जुना लावून इंजिनाचं टायमिंग आणि कार्बोरेटर नीट केले. कॅम चांगला बसला होता. नवा चढवायच्या दिवशी सुगतने स्वतः बोल्ट कसले. गाडी सुरू करायचं काम नरेशला दिलं, पण तो सांगेल तेव्हाच सुरू आणि सांगेल तेव्हा बंद. दोघं कामापुरतं बोलत होते. भय्याजी त्या दिवशी आले. नरेशने घरी फक्त एवढं म्हटलं होतं, "बाबा, मी सुगतले सांगतलं सगळं." भय्याजींनी ऐकून मान हलवली होती आणि पायात जोडे घातले होते.

इंजिन थोडं चालायचं, थंड व्हायचं, पुन्हा चालायचं. भय्याजी ड्रायव्हरच्या जागेपाशी वाकून पायाजवळच्या पत्र्यावर तळवा ठेवून बघत. संध्याकाळी ते म्हणाले, "आता आच आत थांबली."

मे महिन्यात वसुंधराबाई राजनांदगावला जाऊन आल्या. फोन सुगतला केला. पाय थंड राहिले आणि चढावर गाडी पाखरासारखी गेली, असं म्हणाल्या. नरेशला ते सुगतकडून कळलं, तेही दोन दिवसांनी.

पावसाळ्याआधी सुगतने नंदिनी रोडला शेड भाड्याने घेतलं आणि सगळं सामान हलवलं. जागा कमी पडते, असं कारण त्याने सांगितलं. ते खरंही होतं, पण तेवढंच नव्हतं. नरेशने सामान चढवायला हात लावला. सुगतने नको म्हटलं नाही.

आता भय्याजींना नंदिनी रोडला सोडायचं काम नरेशचं. रोज सकाळी स्कूटरवर दोघं निघतात. एकदा वाटेत त्याने विचारलं, "बाबा, तुमी पाह्यलं होतं. सुगतले तुमी कावून नाई सांगतलं?"

मागून उत्तर आलं. "मी सांगतलं असतं त तुले सांगाले काय राह्यलं असतं."

नरेश अजून जळतो. शेड दिसलं की मागे बसलेला बाप उतरायच्या आधीच हात वर करतो, हे त्याच्या पाठीला कळतं, आणि तोच जुना राग उठतो. त्याने ते शेवंताला सांगितलंय. ती म्हणाली, उठू द्या, हात आवरा म्हणजे झालं.

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या जुन्या जीपचं इंजिन त्याने ताकद वाढवून बांधलं, आणि मॅनिफोल्ड कोटिंगसाठी स्वतः नंदिनी रोडला घेऊन गेला. सुगतने तो तोलून पाहिला, कुठे जोड कच्चा आहे ते दाखवलं, आठवड्याने या म्हणाला. नरेश निघाला तेव्हा तो दारापर्यंत आला.

"दादा, पयल्या स्टार्टले मी राहीन तिथं."

"ये," नरेश म्हणाला.

आत भय्याजींनी मॅनिफोल्ड मांडीवर घेतला होता आणि एका नळीत डोळा लावून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. नरेश थोडा वेळ थांबला, मग स्कूटर वळवून सुपेल्याकडे निघाला.